वाचकांचे प्रश्न : ताटांवरची घुबडे आणि तेरा वर्षांचा वाचक

पत्र पहिले

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातील एका गावात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. माझ्या भावाचा मुलगा बेळगावात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवीत आहे. या सुट्टीत तो आमच्याकडे आला, तेव्हा त्याने शाळेच्या ग्रंथालयातून ॲलन गार्नर यांची ‘द आउल सर्व्हिस’ ही कादंबरी आणली होती. स्वतःची वाचून झाल्यावर “आत्या, आता तू वाच, मग आपण बोलू,” असा त्याने हट्ट धरला. आमच्याकडे पावसाळ्यात एकदा वीज गेली की रात्र फार लांबते, आणि अशाच रात्री बॅटरीच्या उजेडात मी ती वाचली. मागच्या पडवीचे दार लावले आहे ना, हे पुन्हा पुन्हा उठून पाहावेसे वाटत होते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात लिहिते. वेल्समधील एका डोंगरी खोऱ्यातल्या घरात एक इंग्रज कुटुंब सुट्टीसाठी आले आहे. ॲलिसन ही आईच्या पहिल्या लग्नाची मुलगी, रॉजर हा तिच्या सावत्र वडिलांचा मुलगा, आणि ग्विन हा त्या घरात स्वयंपाक करणाऱ्या नॅन्सीचा मुलगा. माळ्यावर काहीतरी खरवडल्याचा आवाज येतो म्हणून ग्विन वर चढतो, तर तिथे जेवणाच्या ताटांची चवड सापडते. ताटांवरच्या फुलांच्या नक्षीत ॲलिसनला घुबडे दिसतात. ती नक्षी गिरवून, कापून, घड्या घालून ती कागदाची घुबडे करते. मात्र गिरवून झालेल्या ताटावरची नक्षी नाहीशी होते आणि कागदी घुबडेही जागेवर राहत नाहीत. त्यानंतर ती तिघे एका फार जुन्या कथेत ओढली जातात.

माझे प्रश्न असे आहेत. या पुस्तकात भूत दिसत नाही, कोणी किंचाळत नाही, तरीही इतकी धास्ती का वाटावी? दुसरे म्हणजे, सगळी कादंबरी ज्याच्या बाजूने आपण वाचतो तो हुशार, कष्टाळू ग्विन शेवटी बाजूला का पडतो, आणि ॲलिसनला वाचवण्याचे श्रेय त्या शिष्ट रॉजरला का मिळते? मला तो शेवट अन्यायाचा वाटला, शिवाय घाईचाही.

तिसरा प्रश्न घरातला आहे. भाच्याने फडताळातल्या जुन्या चिनी मातीच्या बश्या काढल्या आणि त्यांवरच्या निळ्या फुलांवर पातळ कागद ठेवून तो शिसपेन्सिलीने गिरवत बसला. बशी उलटी करून “हे बघ डोळे,” म्हणाला, आणि खरोखरच दोन फुलांच्या मध्ये चोच दिसू लागली. सासूबाईंनी तो कागद त्याच्या हातून घेऊन चुलीत घातला. घुबडाचे चित्र घरात नको, असे त्यांचे म्हणणे. घुबडाला दगडही मारू नये, कारण ते तो दगड उचलून नेऊन झिजवत बसते आणि दगड झिजेल तसा मारणारा माणूस झिजतो, असेही त्यांनी सांगितले. भाच्याला त्यांची गोष्ट पुस्तकाइतकीच आवडली, आणि माझी काळजी तिथेच आहे. अशा वाचनाने मुलांच्या मनात अंधश्रद्धा रुजेल का?

आपली,
एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर

आपल्या भाच्याने बशीवर जे केले, तेच या कादंबरीच्या मुळाशी आहे. फुलांच्या नक्षीचा असा एक जुना जेवणाचा संच गार्नर यांना प्रत्यक्ष पाहायला मिळाला होता, आणि त्या नक्षीचे भाग जुळवले की घुबड उभे राहते हेही त्यांना दिसले होते. त्या ताटांना वेल्सची एक प्राचीन कथा येऊन मिळाली आणि 1967 साली ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ब्रिटनमध्ये मुलांच्या साहित्यासाठी दिले जाणारे कार्नेगी पदक तिला मिळाले. तेव्हा “हे बघ डोळे,” असे म्हणणारा मुलगा पुस्तक नीट वाचतो आहे, याबद्दल आपण निश्चिंत असावे.

ती प्राचीन कथा सांगितल्याशिवाय आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. ती ‘मॅबिनोगियन’ या मध्ययुगीन वेल्श कथासंग्रहात आहे. लेउ नावाच्या तरुणाला त्याच्या आईचा शाप असतो की पृथ्वीवरच्या कोणत्याही वंशातली स्त्री त्याला पत्नी म्हणून लाभणार नाही. यातून वाट काढण्यासाठी मॅथ आणि ग्विदियन हे दोन मांत्रिक ओक, ब्रूम आणि मेडोस्वीट या वनस्पतींच्या फुलांपासून त्याच्यासाठी एक स्त्री घडवतात. तिचे नाव ब्लोदायवेद. पुढे तिचे मन ग्रोनू नावाच्या दुसऱ्या सरदारावर जडते आणि दोघे मिळून लेउला मारण्याचा कट करतात. भाला लागताच लेउ गरुड होऊन उडून जातो. कालांतराने तो पुन्हा माणूस होतो, आणि ग्रोनूने आडोशाला धरलेली शिळा भेदून त्याचा भाला ग्रोनूचा जीव घेतो. ब्लोदायवेदला मात्र मरणही मिळत नाही. तिला घुबड केले जाते, म्हणजे इतर पाखरांच्या भयाने तिला दिवसाउजेडी तोंड दाखवता येऊ नये. कादंबरीतल्या नदीकाठी ती आरपार भोक पडलेली शिळा आजही उभी आहे, आणि त्या भोकातून पलीकडचे दृश्य टिपण्यासाठी रॉजर कॅमेरा लावून बसतो.

आता धास्तीविषयी. सामान्य भयकथेत एक दुष्ट शक्ती असते, तिला ओळखायचे आणि हाकलायचे असते, आणि वाचकाला कोणाकडे बोट दाखवायचे ते ठाऊक असते. इथे तसे बोट दाखवायला कोणीच नाही. त्या खोऱ्यात एक जुने दुःख कोंडून राहिले आहे आणि दर पिढीत ते तीन माणसे शोधते. मुलांच्या आधीच्या पिढीत नॅन्सी, घरातला गडी ह्यू आणि त्या घराचा तेव्हाचा मालक बर्ट्रम अशी तिघे त्यात सापडली होती आणि बर्ट्रमचा जीव गेला होता. हे सारे आपल्याला सरळ कोणी सांगत नाही. कादंबरीचा मोठा भाग निव्वळ संवादांचा आहे. बोलणारी माणसे अर्धे वाक्य गिळतात, लेखक मध्ये येऊन खुलासा करत नाही, आणि जिच्या हुकुमावर सगळे घर चालते ती ॲलिसनची आई तर एकदाही समोर येत नाही. वाचकाला दाराआडून ऐकल्यासारखे ऐकत राहावे लागते. दाराकडे पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटले असे आपण लिहिले आहे, ते या लेखनपद्धतीचे यश आहे असे मी मानतो.

आपल्या भागातल्या वाचकाला तर ही धास्ती अधिकच ओळखीची वाटावी. आपल्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पुढे सौंदत्तीकडे जाते, आणि तिथल्या डोंगरावरच्या यल्लम्मेची, म्हणजे रेणुकेची कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. रोज ओल्या वाळूचा घडा करायचा, सापाची चुंबळ डोक्यावर ठेवायची आणि नदीचे पाणी आश्रमात न्यायचे, असा तिचा नेम होता. एके दिवशी पाण्यात क्रीडा करणाऱ्या गंधर्वाकडे क्षणभर तिचे लक्ष गेले आणि वाळूचा घडा होईना. मग जमदग्नींचा कोप आणि परशुरामाच्या हातून मातृवध. वेल्समधली ब्लोदायवेद आणि सौंदत्तीची रेणुका यांचा एकमेकींशी काही ऐतिहासिक संबंध नाही. परंतु दोन्ही कथांत स्त्रीला काय हवे आहे हे कोणी विचारत नाही आणि तिच्या मनाच्या एका हालचालीची शिक्षा मात्र भयंकर होते. फरक असा की रेणुकेला आपण देवी केले. पौर्णिमेला माणसे गाड्या जुंपून डोंगरावर जातात, जोगुळभावीला स्नान करतात, भंडारा उधळतात, तिच्या नावाने उदो म्हणतात. तिच्या दुःखाला वर्षानुवर्षे वाट मिळत आली आहे. ब्लोदायवेदला कोणी देऊळ बांधले नाही. म्हणून तिचे दुःख कधी माळ्यावरच्या ताटांतून, कधी भिंतीचा गिलावा गळून उघड्या पडलेल्या चित्रातून, तर कधी एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या नखांतून बाहेर पडू पाहते. हे माझे वाचन आहे, गार्नर यांनी असे कुठे म्हटलेले नाही. मात्र असे वाचले की पुस्तकातली एकेक गोष्ट जागेवर बसते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे मी अधिक सावकाशीने येतो, कारण ग्विनविषयी आपल्याला वाटलेला कळवळा मला फार महत्त्वाचा वाटतो. हा मुलगा ॲबरिस्टविथच्या शाळेत शिकतो, पुढे जाण्याची धमक त्याच्यात आहे, आणि त्याची आई त्याला उठता-बसता धाक घालते की शाळेतून काढून दुकानाच्या गल्ल्यामागे उभा करीन. तिच्यासमोर तो वेल्शमध्ये बोलला तर तिला खपत नाही, कारण त्या भाषेत तिला मजुरी ऐकू येते. तिकडे इंग्रज मंडळींना त्याची इंग्रजी गावठी वाटते. म्हणून तो उच्चार सुधारण्याच्या ध्वनिमुद्रिका विकत घेतो, आणि त्या वाजवायला यंत्रही त्याच्याजवळ नसते. हे गुपित तो विश्वासाने ॲलिसनला सांगतो. ती ते रॉजरला सांगते, आणि रॉजर त्यावरून त्याची टर उडवतो. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि शाळेत इंग्रजी अशा तिन्ही भाषा सांभाळत वाढणाऱ्या आपल्या मुलांना हा प्रसंग कोणी समजावून द्यावा लागणार नाही. तिन्ही ठिकाणी आपले उच्चार कोणीतरी तोलून पाहते आहे, हा अनुभव निपाणीपासून खानापुरापर्यंत कोणत्याही घरात मिळेल.

ज्या 1967 साली ही कादंबरी आली, त्याच वर्षी ब्रिटनच्या संसदेने वेल्श भाषेचा कायदा करून वेल्समधल्या न्यायालयांत वेल्श बोलण्याचा हक्क मान्य केला. आपल्याकडे महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल त्याच वर्षी आला. या योगायोगाचा आधार घेऊन कादंबरीला आपल्या सीमाप्रश्नाचे कैफियतपत्र करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. ग्विनचा राग एखाद्या सरकारवर नाही. तो त्याच्या आईवर आहे, जिवाभावाच्या मैत्रिणीवर आहे, आणि म्हणूनच तो इतका खोल आहे.

तो राग खरा आहे, त्याला कारण आहे, आणि तरीही शेवटच्या प्रकरणात त्याच रागामुळे त्याचे हात बांधले जातात. ॲलिसन त्या शक्तीच्या कचाट्यात सापडली आहे, तिच्या अंगावर ओरखडे उमटत आहेत, खोलीत पिसे भिरभिरत आहेत. ह्यू हा ग्विनचा बाप आहे आणि खोऱ्याचे हे ओझे वारशाने आता ग्विनकडे आले आहे, हे आपल्याला तोवर कळलेले असते. तिला धीर देण्याची खरी ताकद त्याच्याजवळ आहे. तो मात्र तोंड उघडत नाही. अपमान त्याला सोडवत नाही आणि तोही अपमानाला सोडत नाही. रॉजर त्याची विनवणी करतो, तेव्हा ग्विन त्याला त्याच्या आईवरून असे टोचून बोलतो की एरवी रॉजर अंगावर धावून गेला असता. रॉजर ते गिळतो. आणि मग तोच ॲलिसनजवळ जाऊन तिला पुन्हा पुन्हा सांगू लागतो की ती घुबडे नाहीत, ती फुले आहेत, आधीपासून फुलेच होती. ब्लोदायवेदला फुले व्हायचे असते आणि माणसे तिला घुबड करतात, असे वेडगळ समजला जाणारा ह्यू आधी सांगून गेलेला असतो. ते ऐकून कृतीत आणणारा मुलगा रॉजर निघतो.

आपण याला अन्याय म्हणता, आणि ग्विनच्या बाजूने पाहिले तर तो आहेच. परंतु लेखकाने ग्विनला विजय दिला असता, तर दुखावलेला माणूस कसा अडून बसतो हे कादंबरीभर दाखवलेले सत्य शेवटच्या पानावर पुसले गेले असते. रॉजर चांगला मुलगा आहे म्हणून त्याला यश मिळत नाही. त्या घटकेला एक अपमान गिळून पुढे जाणे त्याला साधते, एवढेच. शेवट घाईचा आहे, हे आपले म्हणणे मात्र मला पटते. आणखी दोन पाने असती तर बरे झाले असते. फुलांच्या पाकळ्या खाली येऊ लागतात आणि पुस्तक संपते. ग्विनचे पुढे काय झाले, शाळा सुटली की राहिली, हे विचारण्याचा वाचकाचा हक्क लेखकाने डावलला आहे. आपल्या भाच्याला हेच विचारून पाहावे. त्याच्या वयाच्या मुलांकडे या प्रश्नाची उत्तरे असतात.

अंधश्रद्धेचा प्रश्न मी हलका मानत नाही. तेरा वर्षांचे मूल गोष्ट आणि वस्तुस्थिती यांतला भेद ओळखते, अट इतकीच की मोठ्यांनी दोन्ही गोष्टी त्याच्यासमोर ठेवल्या पाहिजेत. सासूबाईंची दगड झिजवणाऱ्या घुबडाची गोष्ट महाराष्ट्रात आणि आपल्या सीमाभागात पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते आणि ती गोष्ट म्हणून फार चांगली आहे. त्यांना ती भाच्याला पुरती सांगू द्यावी, तीही अशा वेळी की दोघांपैकी कोणीही रागावलेले नसेल. आणि भाच्याने ती वहीत उतरवून घ्यावी. कागद चुलीत गेल्याचे शल्य त्याने निघून जाईल. शिवाय या समजुतीमुळे मुले घुबडाला दगड मारायला धजावत नाहीत, हा तिचा उपकार विसरू नये.

त्याबरोबर त्याला खरे घुबडही दाखवावे. जुन्या देवळांच्या कोनाड्यांत, पडक्या वाड्यांत राहणारे गव्हाणी घुबड पांढऱ्या, बदामाच्या आकाराच्या चेहऱ्याचे असते. अंधारात नुसत्या आवाजावरून ते उंदराचा माग काढते, आणि भात व ऊस पिकवणाऱ्या आपल्या मुलखाला त्याच्याइतका फुकटचा राखणदार मिळणार नाही. त्याची टिपेला जाऊन केलेली कर्कश हाक ऐकली की अंगावर काटा येतो हे खरे. तो यावा, आणि मग ती हाक कोणाची हे कळावे. जिथे अंधश्रद्धा खरोखर घातक होते ती जागाही त्याला सांगावी: दिवाळीच्या सुमारास अघोरी पूजेसाठी आपल्या देशात घुबडे पकडली आणि विकली जातात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे. कादंबरी वाचून घुबडाविषयी कुतूहल वाटू लागलेला मुलगा या धंद्याच्या विरोधात उभा राहण्याचीच शक्यता अधिक आहे.

वयाविषयी एक सूचना. पुस्तकात बीभत्स काही नाही, परंतु बर्ट्रमचा मृत्यू कसा झाला आणि ग्विनचा बाप कोण, या दोन गोष्टी अर्ध्या वाक्यांत येतात आणि हुशार मुलाच्या त्या नजरेतून सुटत नाहीत. त्याने विचारले तर टाळाटाळ न करता सांगावे. आणि ब्लोदायवेदची कथा आधीच सांगून टाकू नये. ग्विन ती स्वतः सांगतो त्या जागेपर्यंत वाचकाने गोंधळलेले राहण्यातच या पुस्तकाची गोडी आहे. आपल्या वर्गातल्या मुलांना आपण ती मराठीतून सांगणार असाल तर हेच पथ्य पाळावे.

पत्र दुसरे

महोदय, निपाणीच्या महाविद्यालयात मी पहिल्या वर्षाला आहे. मागच्या अंकात आपण ‘द आउल सर्व्हिस’चा ओझरता उल्लेख केला होता म्हणून ती मिळवून वाचली आणि भारावून गेलो. गार्नर यांचे पुढे काय वाचावे? मराठीत या जातीचे काही आहे का?

एक वाचक, निपाणी

उत्तर

आधी ‘एलिडोर’ घ्यावे. ते 1965 चे, म्हणजे थोडे आधीचे आहे. मँचेस्टरमधल्या पाडापाडी चाललेल्या वस्तीतून चार भावंडे एका उजाड जगात जातात आणि तिथून चार मौल्यवान वस्तू सांभाळायला घेऊन परततात. इकडे आल्यावर त्या वस्तू अगदी फुटकळ दिसतात, परंतु त्यांच्यातील शक्तीमुळे घरातली विजेची उपकरणे तारा जोडलेल्या नसतानाही चालू होऊ लागतात. मुंबई-पुण्याच्या किंवा बेळगावच्या घरात हे घडते आहे अशी कल्पना करून वाचावे, मजा वाढते.

‘रेड शिफ्ट’ 1973 चे. त्यात रोमन काळ, सतराव्या शतकातले यादवी युद्ध आणि लेखकाचा वर्तमानकाळ असे तीन काळ चेशर परगण्याच्या एकाच टापूत एकमेकांत विणलेले आहेत, आणि कोण बोलते आहे हेही अनेकदा आपल्यालाच ओळखावे लागते. आपल्या वयाला ते झेपेल. पहिल्या पत्रातल्या तेरा वर्षांच्या वाचकाने मात्र चार-पाच वर्षे थांबावे. ‘ट्रिकल वॉकर’ 2021 साली आले, पुढच्या वर्षी ते बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोहोचले, तेव्हा गार्नर ऐंशीच्या घरातले होते. ते आकाराने लहान आहे म्हणून आधी उचलू नये. त्याआधीची दोन पुस्तके वाचलेली असली तर ते उमजते.

मराठीत तंतोतंत या जातीचे लेखन थोडे आहे. रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा वाचाव्यात. मुलांसाठी आयुष्यभर नाटके करणाऱ्या या लेखकाला घरातल्या साध्या वस्तूंमधले भय नेमके दिसत असे. आणि जी. ए. कुलकर्णी तर आपल्याच मुलखातले, बेळगावात शिकलेले आणि धारवाडला शिकवलेले. त्यांच्या दीर्घ रूपककथांत जुन्या कथेच्या फेऱ्यात सापडलेली माणसे जागोजाग भेटतात. त्या मुलांसाठी लिहिलेल्या नाहीत, परंतु आपण आता महाविद्यालयात आहात. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात त्यांचे संग्रह मिळतील. निपाणीहून येणे-जाणे करावे लागले तरी करावे.